बाह्या लांब ठेवलेला फ्रॉक

१२ जानेवारी

आदरणीय बाई,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता मला बालगृहाच्या कार्यालयातून मिळाला. तिथल्या कारकुनांनी सांगितलं, की जुन्या फायलींचे सगळे अहवाल तुम्ही टाइप करत होता आणि तुम्ही ई-मेल वाचत नाही. म्हणून हे पत्र.

मी तुमची भाषा नऊ वर्षं एका शिक्षिकेकडे शिकते आहे. हे पत्र त्यांनी तपासलं आहे. त्या म्हणाल्या, फार कडक झालंय, थोडं मऊ कर. मला मऊ करायला अजून येत नाही.

माझी फाइल क्रमांक ११७. दीड वर्षाची असताना मला परदेशी दत्तक दिलं. आता मी बेचाळीस वर्षांची आहे. चित्रं काढते आणि एका शाळेत चित्रकला शिकवते. फायलीत माझा एक कृष्णधवल फोटो आहे. मी भिंतीला टेकून उभी आहे, अंगात छातीवर चुण्या घातलेला फ्रॉक आहे. सोबतच्या इंग्रजी अहवालात एक ओळ आहे. ती मी माझ्या परीने तुमच्या भाषेत आणली: 'तिच्या आईने हा फ्रॉक स्वतःच्या हातांनी शिवला आणि सोडून जाताना तो तिच्या अंगात घातला.' खाली तुमची सही.

माझ्या आईने, म्हणजे जिने मला वाढवलं तिने, ही ओळ मला दर वाढदिवसाला वाचून दाखवली. गेली सहा वर्षं मी फक्त तो फ्रॉक रंगवते आहे. एकतीस चित्रं झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे. जन्म देणारीचं माझ्याकडे दुसरं काही नाही.

माझा प्रश्न लहान आहे. फ्रॉकचा रंग कोणता होता?

फाइल क्रमांक ११७


२ फेब्रुवारी

फाइल क्रमांक ११७ यांस,

माझा पत्ता असा वाटत सुटायला त्या कारकुनाला कुणी सांगितलं, ते आधी कळलं पाहिजे. दर वर्षी तुमच्यापैकी दोघंतिघं येतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ कॅमेरा घेऊन थेट दारात उभे. मी कंबर धरून कसंबसं दार उघडलं, तर म्हणतात, "आजी, जरा हसा ना." हसा! माझे दात पेल्यात होते.

मला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. दोन खोल्या आहेत, एक गुडघा कामाचा आहे, दुसरा नावाला आहे. काल चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही आणि तू चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्रॉकचा रंग विचारतेस. मी टायपिस्ट होते. समोर कागद येईल तो बडवायचा, सही करायची, पुढचा घ्यायचा. फ्रॉक कुणाचा, कुठला, मला काही सांगता येणार नाही.

आणि एकतीस फ्रॉक! मध्ये एखादं झाड तरी काढायचं.

तुझ्या शिक्षिकेला सांग, की पत्र कडक नाही, नीट आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी दहापैकी आठ दिले असते. उरलेले दोन त्या कुणालाच देत नसत.

यापुढे लिहू नये, ही विनंती.

निवृत्त टायपिस्ट


२५ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

लिहू नये म्हणालात. पण आठ गुण दिलेत, म्हणून लिहिते.

सोबत माझ्या तीन चित्रांचे फोटो आणि त्या मूळ फोटोची प्रत पाठवते. पाहून टाकून दिलीत तरी चालेल. पहिल्या चित्रात फ्रॉक पिवळा आहे, दुसऱ्यात विटकरी, तिसऱ्यात करडा. रंग बदलला की शिवणारी बाई बदलते. पिवळ्यात ती मला तरुण वाटते. करड्यात ती दमलेली असते आणि दोरा तोडायला तिला कात्री सापडत नाही. एकतीस वेळा मी वेगळ्याच बाईची मुलगी झाले. मला आता एकीचीच व्हायचं आहे.

इकडे चेहरा पाहून लोक मला तिकडची समजतात. तिकडे आले होते तेव्हा तोंड उघडताच सगळ्यांनी मला इकडची ठरवलं. माझ्यासारखे दत्तक गेलेले बरेच जण चित्रकार झाले आहेत. कुणी नकाशे काढतात, कुणी आरसे लावतात, म्हणजे पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. मला तसलं मोठं काही सुचत नाही. माझ्याजवळ एक शिवण आहे. तिच्यावर मी उभी आहे.

रंग आठवला तर कळवा. नाही आठवला तर मी पुन्हा त्रास देणार नाही.

फाइल क्रमांक ११७


१६ मार्च

चित्रकार बाईंस,

चित्रं टाकून दिली नाहीत. चहाच्या डब्यापाशी उभी करून ठेवली आहेत. शेजारीण म्हणाली, "कुणाचा हो फ्रॉक?" म्हटलं, तुला काय करायचंय, साखर न्यायला आलीस ना, साखर ने.

तुझा हात चांगला आहे. पण माहिती चुकीची असली की चांगला हात जास्त नुकसान करतो. तो फ्रॉक पिवळा नव्हता, विटकरी तर मुळीच नव्हता. आकाशी होता, धुऊन धुऊन फिकटलेला. चुण्यांवरचा दोरा गडद लाल. तू चुण्यांच्या चार ओळी काढल्यास, होत्या पाच. पाचवी गळपट्टीच्या इतकी जवळ, की फोटोत दिसत नाही. आणि बाह्या तू एवढ्याशा केल्यास, ते पाहून माझा जीव तुटला. बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या होत्या, चार वर्षांच्या पोरीलाही याव्यात म्हणून.

झालं का समाधान? आता ऑक्टोबरचं प्रदर्शन नीट कर. सुरुवातीला उगाच भाषणं ठेवू नकोस. लोकांचे पाय दुखतात.

निवृत्त टायपिस्ट


४ एप्रिल

बाई,

फोटोत मी दीड वर्षाची आहे. चार वर्षांची पोरगी कोण?

आणि तुम्हाला फ्रॉक आठवत नव्हता. मग फोटोत न दिसणारी पाचवी ओळ कशी आठवली?

११७


२८ एप्रिल

मुली,

पकडलंस. खोटं सांभाळायला स्मरणशक्ती लागते. माझी उरली आहे ती नको तिथे शाबूत आहे.

आता सगळं एकदाच लिहिते. मधे थांबले तर पत्र टाकायचीच नाही.

तो फ्रॉक तुझ्या आईने शिवला नाही. तुझ्या आईबद्दल आमच्या कुणालाच काही माहीत नव्हतं. फ्रॉक मी शिवला. कार्यालयाच्या पडद्यांचं कापड उरलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला चुण्या भरायला शिकवलं होतं, त्या शिक्षणाचा आयुष्यात तेवढाच एक उपयोग झाला. महिन्यातून एकदा फोटोग्राफर यायचा आणि बालगृहात मुलींचा धड कपडा एकही नसायचा. म्हणून एक फ्रॉक, सगळ्यांना होईल असा. लहान मुलीला ढगळ व्हायचा, तर पाठीमागे वाळत टाकायच्या कपड्यांचे चिमटे लावायचे आणि बाह्या आत दुमडायच्या. मोठीला घट्ट व्हायचा, तर पाठीची बटणं उघडी सोडायची. फोटो समोरून. एकीचा झाला की काढायचा, दुसरीला घालायचा. दुसरी आधीच्या मुलीच्या अंगाची ऊब असलेला फ्रॉक घालून हसायची. साठसत्तर मुली त्यातून गेल्या असतील.

आणि ती ओळ. पहिली तीन वर्षं मी खरे अहवाल टाइप केले. 'मुलगी, निरोगी, आईवडील अज्ञात.' ते बाहेर जायचे आणि उत्तर यायचं नाही. मूल चार वर्षांचं झालं की त्याला कुणी विचारत नसे. सातव्या वर्षी थोरल्या मुलींच्या वसतिगृहात, तिथून पुढे कुठे ते आम्ही विचारत नसू. एक दिवस संचालिका म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी एवढं छान, जरा दोन ओळी मायेच्या घाला की."

मी म्हटलं, "माया कुठून आणू? फायलीत नाही."

त्या म्हणाल्या, "फायलीत कशी असेल? टाइपरायटरात असते."

शाळेत मला 'एका छत्रीचं आत्मवृत्त' या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. छत्रीला रडवणारी मी, मला तुझी आई रडवणं काय जड? कुणाची आई फ्रॉक शिवून गेली, कुणाची पायरीवर वळून वळून पाहत गेली, कुणाची अंगाई म्हणून गेली. उत्तरं येऊ लागली. मुली जाऊ लागल्या. संचालिकांनी मला खुर्चीला नवी गादी दिली.

मी माफी मागत नाही, कारण त्या ओळीवाचून तू त्या घरात गेली नसतीस. आणि मागतेही, कारण तू त्या ओळीवर उभी राहिलीस आणि मला वाटलं होतं, की एकदा वाचून लोक फाइल बंद करतील. दर वाढदिवसाला वाचतील हे कुणाच्या डोक्यात येणार? दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्याचा वीट आला आहे.

टायपिस्ट


२० जुलै

मुली,

बारा आठवडे झाले. पोस्टमनला मी रोज विचारते. तो आता जिना न चढता खालूनच हात हलवतो.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. तुझ्या शिक्षिकेला येत नसतील तर मी चार पाठवते, कॉन्व्हेंटच्या मुलींना येतात तेवढ्या कुणाला येत नाहीत. फक्त चित्रं फाडली नाहीस, एवढं कळव.

टायपिस्ट


९ ऑगस्ट

बाई,

चित्रं फाडली नाहीत. भिंतीकडे तोंड करून ठेवली आहेत. स्टुडिओत गेले की एकतीस पाठी दिसतात, मग मी परत घरी येते. शाळेत मुलांच्या वह्या तपासते. जेवते. मला फार काही वाटत नाही, फक्त जिना चढताना मधेच बसावं लागतं.

मेमध्ये माझा वाढदिवस झाला. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. तिने फोनवर ती ओळ म्हटली. तिला आता कागद लागत नाही. मी ऐकून घेतलं. तिला मी सांगणार नाही.

तुमच्यावर रागावून पाहिलं. तुम्ही लिहिता ते बरोबर आहे. तुम्ही खोटं लिहिलं नसतं तर मला घर मिळालं नसतं. मग राग कुठे ठेवायचा? तो नुसता हातात धरून बसावा लागतो आणि हात दुखतात.

पण एक गोष्ट आहे. पहिल्या पत्रात तुम्हाला काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्यात रंग आठवला. तिसऱ्यात फ्रॉक तुम्हीच शिवला. आधी आईने शिवला होता, आता तुम्ही शिवला. दोन्ही गोष्टी मला तुमच्याकडूनच कळल्या. चिमटे, उरलेला पडदा, आधीच्या मुलीच्या अंगाची ऊब, सगळं सुंदर लिहिलंय. छत्रीच्या निबंधासारखं. आता माझा आकाशी रंगावरही विश्वास बसत नाही.

मला सुंदर काही पाठवू नका. मी तिथे होते, हे खरं आहे का, आणि कशी होते, एवढं सांगता येत असेल तर सांगा. येत नसेल तर इथे थांबू. गॅलरीला सप्टेंबरअखेर हो की नाही कळवायचं आहे. बहुतेक नाही कळवीन.

११७


३ सप्टेंबर

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसले आणि तिसऱ्याच वाक्यात माझा हात गोड व्हायला लागला. कागद फाडला. तुला सांगण्यासारखं मला काहीच आठवत नाही. मला तू आठवत नाहीस. साठसत्तरांतली एक. हे लिहायला मला शरम वाटते, पण हे खरं आहे.

म्हणून काल बालगृहात गेले. कार्यालय आता दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी मात्र नवी कोरी. वर पोचले तेव्हा तोच कारकून.

"आजी, जुन्या वह्या दाखवता येत नाहीत."

"मी लिहिलेल्या वह्या मलाच दाखवता येत नाहीत?"

"नियम आहे."

"माझा पत्ता वाटताना कुठे गेला होता नियम? जेवायला?"

मग त्याने खुर्ची दिली. म्हणाला, त्या व्यक्तीचा स्वतःचा अर्ज असेल तर नोंदीची प्रत देता येते. तुझी फाइल काढली. त्यात तुझा अर्ज होता, सहा वर्षांपूर्वीचा, 'आगमनाच्या नोंदीची प्रत मिळावी' असा, व्यवस्थित टाचलेला. कुणी उघडून पाहिलाच नव्हता. मी त्या कारकुनाला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या खोलीतली बाई उठून बघायला आली.

आम्ही त्या वहीला आवक वही म्हणायचो. गोदामात माल येतो तशी. मूल आलं की दोन मिनिटांत जे दिसेल ते पेन्सिलीने टिपायचं. ते कधी बाहेर जात नसे, संचालिका वाचत नसत, कुणाला आवडावं म्हणून ते लिहिलेलंच नसे. अहवाल मी नंतर सावकाश, चहा पिऊन बनवायची. ही नोंद तेव्हाची आहे, तू टेबलावर असतानाची.

मी ती हाताने उतरवून पाठवत नाही. माझ्या हाताचा तुला भरवसा नाही आणि ते योग्यच आहे. झेरॉक्स आहे, कारकुनाचा शिक्का आहे, तारीख आहे. अक्षर माझं. घाईचं आहे, तुला वाचता येणार नाही, म्हणून खाली देते. एकेक शब्द ताडून पाहा.

'मुलगी. अंदाजे १४ महिने. सकाळी ९.४०. दवाखान्याच्या व्हरांड्यातून चौकीदाराने आणली. सोबत कोणी नाही, चिठ्ठी नाही. कपडे नाहीत, दवाखान्याचा टॉवेल. वजन ७.३. खोकला. रडत नाही. रबरी शिक्का डाव्या हाताने धरला. काढून उजव्यात दिला. परत डाव्यात घेतला. चार वेळा.'

एवढंच. आई नाही, फ्रॉक नाही.

डावखुरेपणा मी अहवालातून वगळला, तो संचालिकांच्या नेहमीच्या सांगण्यावरूनच असणार. "असलं काही लिहू नका, लोक बिचकतात." त्यामुळे ही गोष्ट तुला वाढवणाऱ्या आईलाही कुणी कळवलेली नाही, मीसुद्धा आजवर कुणाला सांगितलेली नाही. चार वेळा शिक्का दिल्याचं मला आठवत नाही. पण चार लिहिलंय म्हणजे मी मोजलं असणार. गर्दीच्या सकाळी मी ते का करत बसले, देव जाणे.

ही नोंद तुझी नसेल, क्रमांकात घोळ झाला असेल, तर तसं कळव. तुझा हात तुला माहीत.

गुडघा सुजला आहे. पुन्हा तो जिना चढणार नाही.

टायपिस्ट


२७ सप्टेंबर

बाई,

झेरॉक्स मिळाली. तुमचं अक्षर खरंच वाचता येत नाही. शिक्षिका आणि मी भिंग घेऊन दोन तास बसलो. प्रत्येक शब्द जुळला. 'खोकला' आम्हाला आधी 'खोपा' वाटला होता, आम्ही दोघी हसलो. मी पुष्कळ दिवसांनी हसले.

मी डावखुरी आहे. हे मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. पहिलीत वर्गाच्या बाईंनी पेन्सिल उजव्या हातात द्यायला सुरुवात केली, तेव्हा आईला शाळेत बोलावलं होतं. ती म्हणाली, "हे कुठून आलं मला माहीत नाही, पण ते तिचं आहे. राहू दे." रविवारी मी वृद्धाश्रमात तिला ही नोंद वाचून दाखवली, फ्रॉकचं काही न बोलता. तिने 'चार वेळा' पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हट्टी होतीस." आणि झोपली.

गॅलरीला हो कळवलं. एकतीस नाहीत, नऊ चित्रं लावणार आहे, आणि एक नवीन. त्या नऊंनाच पुन्हा हात लावायची ताकद आहे. सगळे फ्रॉक आकाशी करते आहे. पाचवी ओळ घातली. बाह्या लांब केल्या, त्या हातांच्या खाली लोंबतात, आणि आता तो फ्रॉक माझ्या मापाचा नाही हे चित्रात दिसतं. आधी ते कधीच दिसत नव्हतं. शेजारी नोंदीची झेरॉक्स. खाली पट्टी: 'बालगृहाचा फ्रॉक. शिवणारी: तिथली टायपिस्ट. घालणाऱ्या: साठसत्तर.'

म्हणजे तुम्ही शिवला, यावर मी विश्वास ठेवला आहे. ज्या बाईने चार लिहिलं तिने पाचवी ओळही घातली असेल.

तुम्हाला माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. दमले आहे, नंतर बघू. गुडघ्यावर शेक घ्या.

माझ्याआधी फ्रॉक कुणी घातला होता आणि माझ्यानंतर कुणी, ते मला हवं आहे. आठवलं तर लिहा. आठवलं नाही, तर आठवत नाही असं लिहा. ते पत्रसुद्धा मी ठेवीन.

तुमची
११७